शेंग आतून भरते, गोटा बाहेरून झिजतो

ताई, नमस्कार. मी ३४ वर्षांचा आहे. नोकरी सांभाळून गेली सहा वर्षं मातीत शिल्पं करतोय. विषय कायम निसर्गातलेच: सुकलेल्या शेंगा, बोंडं, शंख, बिया. वाटेत काही दिसलं की ते खिशात जातं, घरी एक खण भरून साठा झालाय. बघणारे ‘अगदी हुबेहूब!’ म्हणायचे आणि मला बरं वाटायचं. मागच्या वर्षी एका ज्येष्ठ शिल्पकारांना काम दाखवलं. ते म्हणाले, ‘ही नक्कल झाली. आणि माती म्हणजे कच्चं काम. शिल्पकार व्हायचं असेल तर दगडाला हात घाल.’ त्या भरात मी संगमरवराचा ठोकळा आणला, ४० बाय ३० बाय २५ सेंटिमीटरचा. वर्ष होत आलं, तो कोपऱ्यात तसाच आहे. मातीत चुकलं तर पुन्हा लावता येतं, दगडात नाही, म्हणून हात धजत नाही. मधल्या काळात मातीवरचंही मन उडालं. हट्टानं आजवरची सगळ्यात मोठी शेंग केली, दीड फुटाची. देठाकडचा भाग भक्कम असावा म्हणून पाच सेंटिमीटर जाड ठेवला. दमट हवेत आठवडाभर वाळवली आणि भट्टी लावल्यावर दोन तासांच्या आत ती फुटली. भट्टी मात्र तशीच पुढे चालू राहिली. मला तो कौलच वाटला. मी माती सोडावी का? निसर्गावरून करणं म्हणजे नक्कलच का? आणि शेंग फुटली का? शेंगेचे फोटो पाठवतोय. खणात काय काय आहे त्याची यादीही सोबत जोडतोय, उगाचच.
— तळ्यात-मळ्यात

प्रिय तळ्यात-मळ्यात,

तुम्ही ‘उगाचच’ जोडलेली यादी मी आधी वाचली, पत्र नंतर. एकूण २७ वस्तू. त्यात ११ शेंगा आणि बोंडं, ९ शंख-शिंपले, ५ बिया. आणि गोटे फक्त दोन. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच पाठवलंत की! त्या ज्येष्ठांच्या बोलण्यापेक्षा मला ही यादी जास्त भरवशाची वाटते. वाटेत वाकून एखादी वस्तू खिशात टाकताना माणूस कुणाला दाखवायला टाकत नाही.

आता या वस्तू तयार कशा होतात ते बघा. शेंगेची साल आधी वाढते, मग आत दाणे भरत जातात आणि सालीवर आतून उंचवटे येतात. पुढे ती सुकते, साल आक्रसते आणि त्या उंचवट्यांवर ताणून बसते. तुम्हाला मोह पडतो तो बहुधा याच ताणाचा. शंखाची गोष्ट वेगळी, पण जात तीच. आतला जीव शंखाच्या तोंडाच्या कडेला नवा थर लावत जातो. मागचं झालेलं तसंच राहतं, पुढे थोडं थोडं वाढतं, आणि म्हणून शंख मोठा झाला तरी त्याचा घाट बदलत नाही. मातीच्या वळ्या एकावर एक रचून भांडं उभं करतात ना, शंख म्हणजे तेच काम आहे, फक्त वळी फिरत फिरत रुंदावत जाते.

गोट्याचं सगळंच उलटं. त्याला कुणी काही लावत नाही. कोपऱ्यावर दोन-तीन बाजूंनी मार बसतो म्हणून आधी कोपरे जातात, मग कडा बोथट होतात. मऊ थर लवकर झिजतो, गारेची शीर टिकून उंच राहते. गोट्याचा आकार म्हणजे झिजून जे उरलं ते.

एक जात वाढून झालेली, दुसरी झिजून झालेली. माती पहिल्या जातीला जवळची आहे, दगड दुसऱ्या. मातीत तुम्ही भर घालता, आतून दाबता, फुगवता, कड वाढवत नेता. दगडातून फक्त काढता. तुमच्या २७ वस्तूंपैकी २५ वाढलेल्या आहेत. तुम्ही मातीची माणसं आहात हो, त्यात लाजण्यासारखं काय आहे?

इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांनी १९३४ साली असाच विचार मांडला होता. निसर्ग दगडावर कसं काम करतो ते गोटे दाखवतात, असं त्यांचं म्हणणं होतं: समुद्रानं घासलेले गुळगुळीत गोटे म्हणजे घासकाम, आणि कातळ म्हणजे तोडकाम. शंखांचा कठीण पण पोकळ आकार मात्र त्यांनी धातूच्या शिल्पाशी जोडला. तिथे मी त्यांच्याशी भांडेन. पोकळ आकार आधी बोटांना कळतो तो ओल्या मातीत, धातूचा ओतीव तर त्यानंतर येतो. असो, मूर यांना माझ्या भांडणानं काही फरक पडत नाही. ही वाटणी काही काळ्या दगडावरची रेघ नाही, हेही सांगून ठेवते. हाडाचंच बघा. शरीर हाडावर भर घालत असतं आणि त्याच वेळी त्यातून काढतही असतं. मूर यांना हाडांचं एवढं वेड होतं की हक्सली दांपत्यानं दिलेल्या हत्तीच्या कवटीवरून त्यांनी एचिंगची, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रांची, मालिकाच केली. म्हणजे एखादी वस्तू दोन्हीकडे ओढेल. त्या दिवशी तुम्ही ठरवा.

आता नक्कल. त्या ज्येष्ठांचं हे बोलणं मला अर्धं पटतं. कोणतं अर्धं, ते सांगते.

जुझेप्पे पेनोने नावाचे इटलीतले शिल्पकार आहेत, जन्म १९४७. १९८१ मध्ये त्यांनी नदीतला एक झिजलेला दगड उचलला. मग तो जिथून तुटून वाहत आला असेल त्या वरच्या डोंगरातून त्याच जातीचा दुसरा दगड आणला आणि तो घडवून, घासून पहिल्यासारखा तंतोतंत केला. प्रदर्शनात दोन्ही दगड शेजारी शेजारी ठेवतात. कोणता नदीनं केला आणि कोणता माणसानं, हे बघून कळत नाही. कामाच्या नावाचा अर्थ ‘नदी होणं’. आता बोला! याहून सख्खी नक्कल कुठे सापडणार? तरी ते काम नकलेपलीकडे जातं, कारण गोट्याचा आकार उतरवता उतरवता नदी जे करते ते त्यांना स्वतःच्या हातानं करावं लागलं. कुठला कोपरा आधी गेला असेल, कुठे जास्त घासलं गेलं असेल, हे सगळं.

तुम्ही शेंगेचे फोटो पाठवलेत. ते मी भिंग लावून बघितले. सालीवरच्या रेषा, देठाचा वाकडेपणा, टोकाची चोच, सगळं आहे. पण दाण्यांचे उंचवटे तुम्ही बाहेरून मातीच्या गोळ्या चिकटवून आणि पुसून केलेत. खरं ना? उंचवट्याच्या बुडाशी जी खाच पडते ती चुगली करते. आतून बोट दाबून आलेला फुगवटा वेगळा दिसतो. त्याचा उतार लांबपर्यंत पसरतो, आजूबाजूची सालही त्याच्याबरोबर थोडी उचलली जाते. बघणाऱ्याला हे शब्दांत सांगता येणार नाही, पण एक फुगवटा जिवंत वाटेल आणि दुसरा चिकटवलेला. तुम्ही शेंगेचा चेहरा घेतलात, तिची वाढ घेतली नाहीत. ते ज्येष्ठ नक्कल म्हणाले तेव्हा त्यांना हेच खटकलं असावं. ते दोन वाक्यं जास्त बोलले असते तर तुमचं एक वर्ष वाचलं असतं.

आणि ‘हुबेहूब’ या शब्दावर फार विसंबू नका. बघणाऱ्याला वस्तू ओळखता आली, इतकाच त्याचा अर्थ. ओळखता आल्यावर माणूस बघणं थांबवतो.

त्यामुळे पुढचे दोन महिने असं करून बघा. खणातली एक शेंग निवडा आणि ती कापा. जीव तुटेल, तरी कापा. आडवी एक, उभी एक. सालीची जाडी कुठे कमी-जास्त होते, शिवण कुठे आहे, दाणा सालीला कुठे टेकतो, हे कागदावर काढा. मग शेंग खणात ठेवून खण बंद करा. मातीची साधारण सेंटिमीटरभर जाड चादर लाटा, तिचा पन्हळ करा आणि आतून अंगठ्यानं एकेक दाणा भरत जा. बाहेरच्या बाजूला दुसऱ्या हाताचा तळवा धरायचा, म्हणजे फुगवटा किती आला ते तळव्याला कळतं. बाहेरून हत्यार लावायचं नाही. पहिल्या चार-पाच शेंगा वाईट होतील, त्या पुन्हा मळून टाका. सातव्या-आठव्याला काय होतं ते मला कळवा. ती कुठल्याच एका शेंगेसारखी दिसणार नाही आणि तरी शेंग असेल, असा माझा अंदाज आहे.

श्वासाचा आकार मातीत कसा येईल, असा प्रश्न याच पेनोने यांनी १९७८ मध्ये घेतला होता. जवळपास माणसाच्या उंचीचे मोठमोठे भाजलेल्या मातीचे घडे म्हणा, त्यांच्या एका बाजूला त्यांच्या स्वतःच्या अंगाचा ठसा. दिसतात ते बोंडासारखे, बीसारखे, आणि आहे काय तर फुंकर. तुम्हाला आवडतील.

मोठं करण्याबद्दलही एक सांगायचं राहिलं. पाच सेंटिमीटरची शेंग ५० सेंटिमीटरची केली की लांबी दहापट होते, पण आकारमान हजारपट. पाच सेंटिमीटरला जी रेघ नाजूक वाटते ती ५० ला खोबणीसारखी दिसते, आणि जी रेघ दिसतच नव्हती ती हवीशी वाटायला लागते. म्हणून मोठं करताना तपशील मोजून वाढवायचे नसतात, पुन्हा ठरवायचे असतात. बर्लिनमध्ये कार्ल ब्लॉसफेल्ट विद्यार्थ्यांना वनस्पतींवरून आकार घडवायला शिकवत. त्यासाठी ते कोंब आणि कळ्यांचे प्रचंड मोठे करून फोटो काढत, काही तर तीसपट. इतकं मोठं केल्यावर साधा नेच्याचा कोंब लोखंडी जाळीतल्या नक्षीसारखा दिसतो. तुमच्या फोनचा कॅमेराही एवढं करू शकेल.

आता ‘माती म्हणजे कच्चं काम’. उचलली जीभ लावली टाळ्याला! तरी हे मत त्यांचं एकट्याचं नाही, त्याला मोठा जुना वारसा आहे. सोळाव्या शतकात खुद्द मायकेलअँजेलोनं एका पत्रात लिहिलंय की शिल्प म्हणजे काढून टाकून केलेलं काम, भर घालून केलेलं काम चित्रकलेच्या जवळ जातं. पण त्यानं स्वतः केलेले मातीचे आणि मेणाचे नमुने आजही फ्लॉरेन्समध्ये बघायला मिळतात. दगडाकडे जाताना तोही आधी बोटांनी विचार करत होता. फ्रेंच शिल्पकार रोदँचं तर सगळं डोकं मातीत चालायचं. त्याच्या नावावरचे संगमरवर बहुतांशी त्याच्या कारखान्यातल्या कसबी कारागिरांनी मापं घेऊन कोरलेले आहेत. मग १९०७ मध्ये ब्रांकुशी हा रुमानियाचा तरुण शिल्पकार त्याच्याकडे आला, काही आठवड्यांतच निघून गेला आणि त्यानं थेट दगडातच कोरायला घेतलं, मधे मातीचा नमुना नाही. त्याच्या मागून आलेल्या पिढीला ही थेट कोरण्याची गोष्ट इतकी पटली की तीच शुद्ध आणि बाकी सगळं सोयीचं, असं वातावरण झालं. तुमच्या ज्येष्ठांच्या तोंडून ते वातावरण बोललं. ते वाईट नाही, फक्त त्याला जन्मतारीख आहे.

उलट दिशेनं गेलेली माणसंही आहेत. रूथ डकवर्थ, जन्म १९१९. तरुणपणी इंग्लंडमध्ये त्यांनी काही काळ थडग्यांचे दगड कोरायचं काम केलं होतं. पुढे त्या मातीकडे वळल्या आणि माती हेच त्यांचं मुख्य माध्यम राहिलं. १९६० च्या दशकात शिकागो विद्यापीठात भूविज्ञानाच्या इमारतीत प्रवेशाच्या जागी त्यांनी भाजलेल्या मातीचं भलंमोठं भित्तिशिल्प केलं. जमीन, पाणी आणि आकाश हा त्याचा विषय. दगडाचा अभ्यास करणाऱ्यांच्या दारात मातीचं काम! मला याची फार गंमत वाटते. आणि भूविज्ञानवाल्यांना तर माहीतच असतं की चिकणमाती म्हणजे फेल्डस्पारसारखी खनिजं असलेला दगड झिजून, कुजून झालेला गाळ. तुम्ही तो भट्टीत घालून पुन्हा कठीण करता. कच्चं-पक्कं कोण ठरवणार?

बरं, शेंग. ती का फुटली?

तुम्ही नक्कीच ऐकलं असेल की मातीत हवेचा बुडबुडा राहिला की वस्तू फुटते. हे सगळीकडे सांगतात, माझ्या शिक्षकांनीही सांगितलं होतं. पण भट्टी लावल्यापासून दोन तासांच्या आत झालेल्या स्फोटाचा गुन्हेगार बहुतेक वेळा पाणी असतो. माती वरून सुकलेली दिसते, आत ओल असते. १०० अंशाला त्या पाण्याची वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या सोळाशेपटीहून जास्त जागा लागते. पातळ भिंतीतून ती निघून जाते, जाड भिंतीत अडकते आणि भिंत फोडून बाहेर येते. बुडबुड्याभोवतीची माती खरंच कोरडी असेल तर नुसता बुडबुडा सहसा काही करत नाही. तुम्ही लिहिलंय की देठाकडचा भाग ‘भक्कम असावा म्हणून’ पाच सेंटिमीटर जाड ठेवला होता, आणि त्या आठवड्यात हवा दमट होती. दीड फुटाच्या वस्तूला अशा हवेत आठवडा म्हणजे काहीच नाही. तीन आठवडे द्या. आधी प्लास्टिकखाली, मग हळूहळू उघडं. भट्टीत घालण्यापूर्वी जाड भाग गालाला लावून बघा. गार लागला तर आत पाणी आहे. हा उपाय साधा आहे, पण मला त्यानं क्वचितच फसवलंय.

भिंत सगळीकडे दीड-दोन सेंटिमीटरच्या आत आणि शक्यतो एकसारखी ठेवा. वस्तू भरीव घडवायची असेल तर माती चामड्याइतकी आवळली की तारेनं कापा, आतून कोरा, मग दोन्ही कडांवर रेघोट्या मारून स्लिप, म्हणजे पाण्यात कालवलेली पातळ माती, लावून जोडा. पूर्ण बंद पोकळ वस्तूला कुठेतरी छिद्र हवंच. शेंगेला ते देठाकडे सहज लपतं. आत आधाराला लोखंडी सांगाडा (आर्मेचर) असेल तर वाळायच्या आधीच काढा, कारण वाळून-भाजून माती साधारण ८ ते १२ टक्के आक्रसते आणि लोखंड आक्रसत नाही. मग माती तडकते. (यावरून ‘मातीचे कुल्ले लावल्याने चिकटत नाहीत’ ही म्हण आठवली. ती करणाऱ्यानं बहुधा वाळलेल्या अंगाला ओली माती लावली असावी. ओली माती जास्त आक्रसते, वाळलेली जागची हलत नाही, आणि मग कुल्ले पडतात. तंत्राच्या दृष्टीनं म्हण अगदी बरोबर आहे.)

भट्टीत पहिले कित्येक तास ९० अंशांच्या आसपास थांबा. जाड कामाला रात्रभर. त्यानंतर दुसरा नाजूक टप्पा ५७३ अंशांचा, तिथे मातीतल्या गारेच्या कणांची रचना बदलते आणि ते एकदम थोडे फुगतात. थंड होताना तिथेच परत आकसतात. चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा तिथे घाई नको. भट्टी उघडायचीही नको, चहा दोनदा झाला तरी.

हा कौल वगैरे नव्हता. ओल होती. आणि एक सांगू? खरी शेंगही वाळूनच फुटते. सालीतले थर वेगवेगळ्या दिशांनी आक्रसतात, ताण वाढत जातो आणि एका दुपारी ती फट्‌कन उकलून दाणे फेकते. तुमची शेंग नको तितकी खरी निघाली.

राहिला ठोकळा. माती सोडू नका म्हटलं, याचा अर्थ दगडाला कधीच हात लावू नका असा नाही. तो कोपऱ्यात बसून तुम्हाला घाबरवतोय, हे मात्र बंद करायला हवं. पहिली गोष्ट, तो एकट्यानं उचलू नका. तुम्ही दिलेल्या मापांवरून त्याचं वजन ८० किलोच्या आसपास भरतं. दुसरी गोष्ट, वर्षभर पडून राहिला म्हणून वाईट वाटून घेऊ नका. ज्या दगडातून ‘डेव्हिड’ आला तो आधीच्या शिल्पकारांनी हात लावून सोडून दिलेला होता आणि पंचवीसएक वर्षं पडून होता. मग १५०१ मध्ये मायकेलअँजेलोनं तो घेतला.

आता माझी एक फजिती. माझा पहिला मोठा दगड चुनखडीचा होता. विकणारा म्हणाला ‘एकदम निर्दोष’, मी मान डोलावली. दोन महिने काम केलं, पाठीचा बाक छान आला होता, आणि एका सकाळी अगदी हलक्या घावाला तो मधोमध उकलला. आत जुनी चीर होती. ती मला पहिल्याच दिवशी कळली असती. दगडाला हातोडीनं हलकेच वाजवायचं असतं, चांगला दगड खणखणीत वाजतो, चिरेचा दगड बद बोलतो. आणि तो पाण्यानं भिजवून सुकताना बघत बसायचं असतं, चीर असेल तिथे ओली रेघ मागे राहते. मी यातलं काहीच केलं नव्हतं. विकणाऱ्याला मी पुष्कळ दिवस शिव्या दिल्या, पण कान माझेच होते. तुमचा ठोकळा आज संध्याकाळी वाजवून आणि भिजवून बघा. तेवढं तरी करा. त्याला हात लावल्यासारखं होईल.

मग तो पुन्हा झाकून ठेवा आणि ‘दगडापेक्षा वीट मऊ’ हे धोरण ठेवून मुठीएवढा मऊ दगड आणा. संगजिरा किंवा अलाबास्टर. दोन्ही नखानं ओरखडता येतात, संगमरवर येत नाही. (संगजिऱ्यात कधी कधी ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात, तेव्हा शिल्पकामासाठी तपासून विकलेलाच घ्या. आणि अलाबास्टर पाण्यात हळूहळू विरघळतो, बागेत ठेवायच्या कामाचा नाही.) त्या दगडातून तुमच्या खणातल्या दोन गोट्यांपैकी एक करा. त्याच मापाचा, कानस आणि पॉलिश पेपर, एवढ्यावर. सोपं वाटतं ना? गोट्यावर सपाट जागा एकही नसते, आणि तुमचा हात दर पाच मिनिटांनी एक सपाट जागा करून ठेवेल. ती मोडायला गेलात की शेजारी दुसरी होईल. एक गोटा नीट झाला की वक्रता म्हणजे काय हे तुम्हाला कुणी सांगावं लागणार नाही. मातीच्या कामातही ते उतरेल, बघा.

त्यानंतर संगमरवर. टाकी तिरपी धरा, दगडात नेमकी काटकोनात मारू नका. सरळ घावानं दगड आतून दुखावतो, पांढरा ठिपका पडतो, आणि तो तेव्हा दिसत नाही, शेवटी घोटताना वर येतो. आधी टोकदार टाकी, मग दातेरी, मग सपाट. नाक, टोक, देठ, जे काही पुढे येणार असेल तिथे भरपूर दगड राखून ठेवा. आणि दगडातून शेंग काढू नका, निदान पहिल्या वेळी तरी नाही. काहीतरी झिजलेलं घ्या. किंवा सगळा दगड घडवायचा हट्टच सोडा. जपानी-अमेरिकन शिल्पकार इसामु नोगुची उतारवयात जपानमधल्या शिकोकू बेटावर बेसाल्टचे मोठे धोंडे घेऊन काम करत. कितीतरी ठिकाणी त्यांनी दगडाची मूळची तपकिरी साल तशीच ठेवली आणि एखाद्याच जागी काप घेऊन आतला काळा गाभा घासून चकचकीत केला. किती कमी केलं की पुरे होतं, हे कळायला मात्र त्यांचं वय लागतं, हेही कबूल करायला हवं.

चुकलं तर परत लावता येत नाही, हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण दगडात चूक झाली की आकार आत सरकतो, इतकंच. पाच मिलिमीटर जास्त गेलं तर सगळा पृष्ठभाग पाच मिलिमीटर आत न्यायचा. अनुभवी माणसंही हेच करतात आणि कुणाला सांगत नाहीत.

डोळ्यांना चष्मा आणि नाकाला कण अडवणारा चांगला मास्क, साधा रुमाल नव्हे. यावर मी चर्चा करत नाही. संगमरवरात सिलिका (गारेचं खनिज) कमी असते, पण वालुकाश्म आणि ग्रॅनाइटच्या धुळीत ती भरपूर असते आणि फुप्फुसात गेलेली बाहेर येत नाही. तुमच्या मातीतही ती असते. वाळलेली माती झाडूनं झाडत असाल तर आजपासून ओल्या फडक्यानं पुसा. सहा वर्षांत हे कुणीच सांगितलं नसेल तर मला त्या सगळ्यांचा रागच येतो.

त्या फुटलेल्या शेंगेचे तुकडे टाकले नाहीत ना? भट्टी तशीच पुढे चालू राहिली होती असं लिहिलंय, म्हणजे ते नीट भाजले गेलेत. जाड कापडात गुंडाळा, तोंडाला मास्क लावून हातोडीनं बारीक करा आणि चाळणीनं चाळा. पीठ टाकून द्या, रव्याएवढा चुरा ठेवा. याला ग्रॉग म्हणतात. नव्या मातीत दहा-पंधरा टक्के मिसळून मळा. हा चुरा एकदा आक्रसून झालेला असतो, त्यामुळे नवी माती कमी आक्रसते, कमी तडकते आणि आतली ओल बाहेर पडायला वाट मिळते. पुढची मोठी शेंग या मातीची करा.

तुमची,
ताई